कमान, चित्रकलेची वही आणि विज्ञान : प्राथमिक शाळेतील कलाशिक्षणाचा विचार

जबलपूर शहराच्या जुन्या बाजारपेठेत, बडा फुहारा आणि सराफा यांच्या परिसरात, कमानिया गेट उभे आहे. मार्च १९३९ मध्ये शहरालगतच्या त्रिपुरी येथे काँग्रेसचे ५२ वे अधिवेशन भरले होते. त्या अधिवेशनाचे स्मारक म्हणून ही वास्तू ओळखली जाते. सुभाषचंद्र बोस आणि पट्टाभि सीतारामय्या यांच्यातील अध्यक्षपदाची निवडणूक व त्यानंतर एप्रिल १९३९ मधील सुभाषबाबूंचा राजीनामा यांमुळे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना त्रिपुरीचे नाव परिचित असते. प्रस्तुत लेखात मात्र या वास्तूकडे एका वेगळ्या प्रश्नाच्या निमित्ताने पाहावयाचे आहे. या कमानीखालून रोज ये-जा करणाऱ्या पाचवीतल्या मुलाला ‘चित्र काढ’ असे सांगितले, तर ते काय काढील?

उत्तर बहुतेकांना ठाऊक आहे. दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, खाली वाहणारी नदी, काठावर एक झोपडी आणि आकाशात चार पक्षी. हे चित्र जबलपुरात निघते, सोलापुरात निघते आणि सावंतवाडीतही निघते. जबलपूरच्या मुलाला नर्मदेचे पात्र, भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि रोजची कमान प्रत्यक्ष पाहावयास मिळते, पण त्याच्या वहीत त्यांपैकी काहीच उतरत नाही. त्याने चित्र काढले असे आपण म्हणतो, पण वस्तुतः त्याने पाहिलेलेच नसते. कलेच्या तासिकेतून न पाहण्याची ही सवय लागते आणि पुढे विज्ञानाच्या तासिकेत तीच आडवी येते. फुलाची आकृती समोरच्या फुलावरून न काढता पुस्तकावरून काढली जाते. म्हणूनच प्राथमिक शाळेतील कलाशिक्षणाचा विचार विज्ञान आणि रचना यांच्या संदर्भात करणे आवश्यक ठरते. येथे ‘रचना’ याचा अर्थ केवळ सजावट असा नाही. एखादी वस्तू कोणासाठी, कशासाठी आणि कोणत्या साहित्यातून घडवावयाची याचा विचार, म्हणजे रचना होय.

कमानीवरील एक पाठ

कमानिया गेटसारखी वास्तू हाताशी असेल, तर पाचवीच्या वर्गशिक्षकाला तीन-चार तासिकांचा एक पाठ सहज योजता येईल. बाजार गजबजण्यापूर्वी, सकाळच्या वेळी, मुलांना तेथे नेऊन कमानीचे चित्र काढावयास सांगावे. पहिल्या चित्रात कमान बहुधा दोन खांबांवर ठेवलेल्या इंद्रधनुष्यासारखी निघेल. शिक्षकाने चूक दाखवू नये, प्रश्न विचारावेत. कमानीची उंची तिच्या रुंदीच्या किती पट वाटते? वळण कोठून सुरू होते? खालचे खांब जाड का असावेत? पेन्सिल हाताच्या अंतरावर धरून मापे कशी अजमावतात हे मुलांना येथेच शिकविता येते. दुसरे चित्र पहिल्यापेक्षा निराळे निघते आणि त्या फरकातच निरीक्षणाचे शिक्षण असते.

वर्गात परतल्यावर पुठ्ठ्याची एक पट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवावी व तिच्या मध्यभागी एकेक नाणे ठेवीत जावे. पट्टी लवकरच वाकते. आता तीच पट्टी धनुष्यासारखी वाकवून दोन पुस्तकांच्या मध्ये बसवावी. ती पूर्वीपेक्षा अधिक भार पेलते. मात्र पुस्तके हलकी असतील, तर ती बाजूला सरकतात आणि कमान सपाट होते. वरून पडणारा भार कमान दोन्ही बाजूंना ढकलते, हे येथे मुलाला पाठ्यपुस्तकाविना उमगते. यालाच कमानीचा बाजूचा रेटा म्हणतात. तो थोपविण्यासाठी दोन्ही अंगांना भक्कम बांधकाम लागते. खांब जाड का, या सकाळच्या प्रश्नाचे उत्तर मुलाला स्वतःच्या हाताने मिळालेले असते.

तिसरी पायरी सर्वांत सुंदर आहे. कमानिया गेटलगतच सराफा आहे आणि दुकानांत गळ्यातील साखळ्या टांगलेल्या दिसतात. वर्गात साधी मण्यांची माळ किंवा बारीक साखळी घ्यावी. तिची दोन टोके भिंतीवरील कागदावर धरावीत आणि मध्ये लोंबणाऱ्या साखळीचा आकार पेन्सिलीने गिरवावा. नंतर तो कागद उलटा करावा. मुलांसमोर कमान उभी राहते. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनी १६७५ मध्ये हे तत्त्व मांडले. लोंबणाऱ्या साखळीत प्रत्येक कडीवर केवळ ताण असतो. तोच आकार उलटा केला की ताणाच्या जागी केवळ दाब येतो. दगड व वीट दाब उत्तम सोसतात, ताण मात्र सोसत नाहीत. म्हणून उलट्या साखळीचा आकार दगडी कमानीस सर्वांत सोयीचा ठरतो.

चौकस मूल येथे विचारील की, कंपासने काढलेले अर्धवर्तुळ आणि हा साखळीचा आकार तंतोतंत जुळत नाहीत, मग अर्धवर्तुळाकार कमानी कशा टिकतात? त्याचे उत्तर असे की, कमानीच्या जाडीमध्ये भाराची ती अदृश्य रेषा सामावलेली राहिली, तर कमान उभी राहते. पातळ अर्धवर्तुळ कोसळते, जाड अर्धवर्तुळ टिकते. पाचवीच्या मुलाला सूत्र नको. दोन आकार एकावर एक ठेवून फरक पाहता आला, तरी पुष्कळ झाले.

शेवटची पायरी रचनेची. आपल्या शाळेला नवे प्रवेशद्वार हवे असेल तर ते कसे असावे, हे मुलांनी ठरवावे. सुट्टीच्या वेळी किती मुले एकदम बाहेर पडतात? रुग्णवाहिका आत येऊ शकेल का? चाकाच्या खुर्चीवरील मुलाला उंबरठा अडेल का? पावसाचे पाणी कोठे जाईल? या प्रश्नांनंतर काढलेले चित्र सुबक तर असावेच, पण ते एका गरजेचे उत्तरही असते. नक्षी त्यानंतर येते, आणि तीही विचारपूर्वक येते.

हा पाठ जबलपूरपुरता मर्यादित नाही, हे सांगणे नको. गावाची वेस, ओढ्यावरचा जुना पूल, देवळाची ओवरी किंवा वाड्याचा दिंडी दरवाजा यांपैकी काही ना काही प्रत्येक शाळेच्या परिसरात असते. जबलपूरच्याच मदन महालाजवळील तोलशिळा पाहा. एका खडकावर अगदी थोड्या जागेत टेकलेली ही प्रचंड शिळा २२ मे १९९७ च्या भूकंपानंतरही जागेवर आहे. तिचे चित्र काढताना मुलाला वजनाचा मध्य कोठे असेल हा प्रश्न पडतो आणि गुरुत्वमध्याची कल्पना अशी हळूच वर्गात येते. भूकंपाचा अनुभव घेतलेल्या शहरात इमारत का उभी राहते आणि का कोसळते, हा प्रश्न केवळ पुस्तकी नसतो.

फैजपूर ते त्रिपुरी : विसरलेला वारसा

कला, उपयुक्तता आणि शास्त्र यांची अशी सांगड आपल्याकडे नवी नाही. कमानिया गेट ज्या काळाचे स्मारक आहे, त्याच काळात तिचा राष्ट्रीय पातळीवर विचार झाला होता. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन झाले. गांधीजींच्या इच्छेनुसार शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी तेथील कलात्मक मांडणी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून केली. फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी ग्रामीण जीवनावरील चित्रफलक रंगविले.

या दोन अधिवेशनांच्या दरम्यान, २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी, वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. जबलपूर आणि वर्धा ही दोन्ही ठिकाणे त्या वेळी नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रांतात होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत ती एकाच राज्यात राहिली. परिषदेने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगावर आधारलेल्या सात वर्षांच्या शिक्षणाचा आराखडा दिला आणि हरिपुरा अधिवेशनाने मूलोद्योगी शिक्षणाचे तत्त्व स्वीकारले. ‘नई तालीम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या योजनेत सूतकताई होती हे सर्वांस ठाऊक असते. तिच्या अभ्यासक्रमात मातृभाषा, गणित, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांच्या बरोबरीने चित्रकलेलाही स्थान होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. आकार व रंग यांतील भेद ओळखणारी दृष्टी घडविणे, आकारांची स्मृती वाढविणे, निसर्ग व कला यांतील सौंदर्याची जाण देणे आणि जी वस्तू बनवावयाची तिचे कामापुरते अचूक रेखाटन करता येणे, अशी तिची उद्दिष्टे होती. कला, विज्ञान आणि रचना यांचा संबंध याहून नेमकेपणाने सांगणे कठीण आहे.

शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला आले. त्यांनी तेथील मुलांना अनेक वर्षे कला शिकविली. कला हाच शिक्षणाचा पाया असू शकतो, हा विचार त्यांनी त्या अनुभवातून पुढे ग्रंथरूपाने मांडला. जबलपूरचेही या परंपरेशी नाते आहे. नंदलाल बोस यांचे शिष्य ब्योहार राममनोहर सिन्हा मूळचे जबलपूरचे. भारतीय राज्यघटनेच्या मूळ प्रतीतील उद्देशिकेच्या पृष्ठावरील नक्षीकाम त्यांचे आहे. जबलपूरच्या शहीद स्मारकातील भित्तिचित्रेही त्यांनी रंगविली.

नकलेची सवय कोठून आली?

एवढा वारसा असूनही शाळेत नक्कलच का उरली? त्याचे एक कारण वसाहतकालीन आहे. मुंबईत १८५७ मध्ये सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली. त्या काळातील सरकारी कलाशिक्षणावर इंग्लंडमधील साउथ केन्सिंग्टन पद्धतीचा प्रभाव होता. ठरलेल्या नमुन्यांची अचूक प्रतिकृती करणे हा तिचा गाभा होता. या शिस्तीने हात तयार झाले, हे मान्य करावयास हवे. महाराष्ट्रात कला संचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र तसेच भूमिती व अक्षरलेखन असे विषय असतात. निरीक्षण, स्मृती, रचना आणि गणित हे चारही घटक येथे एकत्र आहेत. त्यामुळे आराखड्याला दोष देता येणार नाही. मात्र सरावासाठी ठरावीक नमुने घोटून घेण्याची रीत पडली, तर संकल्पचित्रातील संकल्प आणि स्मरणचित्रातील स्मरण या दोन्ही गोष्टी नाहीशा होतात. शिवाय या परीक्षा प्राथमिक टप्प्यानंतर येतात. पाहण्याची सवय मात्र त्यापूर्वीच, पहिली ते पाचवीत, लागावी किंवा मोडावी अशी असते.

धोरणे आणि तरतुदी

स्वातंत्र्योत्तर धोरणांनी कलेचे महत्त्व वारंवार नमूद केले आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने दहावीपर्यंत कला हा अनिवार्य विषय असावा अशी शिफारस केली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९ मध्ये आपल्या संलग्न शाळांना कला-एकात्मिक अध्ययनाचा आग्रह धरला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कला आणि विज्ञान यांच्यातील कठोर भिंती दूर करण्याचे तत्त्व स्वीकारले आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवसांच्या दप्तराविना शाळेची कल्पना मांडली. त्या काळात मुलांनी सुतार, कुंभार, माळी, कलावंत अशा स्थानिक कारागिरांकडून शिकावे, अशी अपेक्षा आहे. शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२३ मध्येही कलाशिक्षणाला स्वतंत्र अभ्यासक्षेत्राचे स्थान आहे. महाराष्ट्रात बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकमालेत आरोग्य, कार्यानुभव व कला यांची प्राथमिक इयत्तांसाठी एकत्र मांडणी आढळते.

कायद्याची तरतूद मात्र बारकाईने वाचावयास हवी. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या अनुसूचीनुसार कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक द्यावयाचे आहेत. परंतु ही तरतूद सहावी ते आठवीसाठी आणि शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळांसाठी आहे. पहिली ते पाचवीसाठी तसेच लहान शाळांसाठी कायद्याने स्वतंत्र कलाशिक्षक अभिप्रेत नाही. त्यातच २०२४-२५ च्या यूडायस प्लस अहवालानुसार देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी असून त्यांत सुमारे ३३ लाख मुले शिकत आहेत. या मुलांना कला मिळाली, तर ती त्यांच्या एकमेव शिक्षकाकडूनच मिळेल.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. कला-एकात्मिक अध्ययन ही सुसज्ज शाळांची चैन असल्याचा समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. जेथे कलेचा वेगळा शिक्षक नाही आणि वेगळी तासिका टिकत नाही, तेथे परिसर अभ्यास, गणित व भाषा यांच्या तासिकांतूनच कला येऊ शकते. एकात्मतेची सर्वाधिक गरज लहान, दुर्गम आणि गरीब शाळांना आहे.

पुरावा काय सांगतो?

धोरणाचा विचार करताना उत्साहाला पुराव्याची जोड हवी. चित्रकला शिकविल्याने विज्ञानातील गुण वाढतात, असा दावा अनेकदा केला जातो. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१३ मध्ये कलाशिक्षणाच्या परिणामांवरील संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला. कलेमुळे इतर विषयांतील गुण वाढतात याचा भक्कम पुरावा दृश्यकलेच्या बाबतीत त्यात आढळला नाही. कलेचे समर्थन गुणवाढीच्या आश्वासनावर करणे त्यामुळे धोक्याचे आहे. गुण वाढले नाहीत की तासिका काढून घेतली जाईल.

मात्र विज्ञान शिकत असताना स्वतः चित्र काढण्याचे महत्त्व वेगळे आहे. शॅरन एन्सवर्थ, वॉन प्रेन व रसेल टायटलर यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले की, वैज्ञानिक कल्पनेचे स्वतः रेखाटन करताना विद्यार्थ्याला आपली समज उघड करावी लागते, तपासावी लागते आणि दुरुस्त करावी लागते. विज्ञानाच्या इतिहासात याला आधार आहे. गॅलिलिओने १६१० मध्ये प्रसिद्ध केलेली चंद्राची चित्रे पाहावीत. छायाप्रकाशाच्या चित्रणाची त्याला जाण होती, म्हणून चंद्रावरील काळे-पांढरे डाग त्याला पर्वतांच्या सावल्या म्हणून वाचता आले. थोडक्यात, विज्ञानाच्या सेवेसाठी कला नको आणि कलेच्या शोभेसाठी विज्ञानही नको. दोघांनाही लागणारे काळजीपूर्वक पाहणे, हा त्यांचा समान पाया आहे.

खर्चाचे गणित

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या विषयाचे दोन पैलू आहेत. पहिला खर्चाचा. पुठ्ठा, दोरा, माती, जुनी वर्तमानपत्रे आणि काड्यापेटीतील काड्या एवढ्या साहित्यात वरील पाठ होतो. मध्यप्रदेशात १९७२ पासून २००२ पर्यंत चाललेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने साध्या साहित्यातून ग्रामीण शाळांत प्रयोग करता येतात हे दाखवून दिले. या कार्यक्रमात सहभागी झालेले अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्या जोडून आकृत्या बनविण्याची युक्ती मुलांपर्यंत नेली. अशा रीतीने केलेला चौकोन बोटाने दाबताच कलतो, त्रिकोण मात्र ताठ राहतो. छपराच्या कैच्या आणि पुलांच्या सांगाड्यांत त्रिकोण का असतात, हे यातून मुलाला कळते. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रातून त्यांनी हे काम चालू ठेवले. येथे दुर्मीळ साधन पैसा नाही. शिक्षकाचा वेळ आणि ‘मला चित्र काढता येत नाही’ ही त्याची भीती दूर करणारे प्रशिक्षण, यांचाच तुटवडा आहे.

दुसरा पैलू समतेचा आहे. ज्या कुटुंबाला परवडते ते मुलाला चित्रकलेच्या वर्गाला, विज्ञान शिबिराला आणि संग्रहालयाला पाठविते. ज्याला परवडत नाही त्याच्या मुलासाठी शाळा हीच एकमेव जागा असते. पुढे रचना हा एक व्यवसाय म्हणून विकसित झाला आहे. अहमदाबादची राष्ट्रीय रचना संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली, २००७ मध्ये राष्ट्रीय रचना धोरण मंजूर झाले आणि जबलपुरातच २००५ पासून माहिती तंत्रज्ञान, रचना व उत्पादन यांना वाहिलेली राष्ट्रीय संस्था कार्यरत आहे. कमानिया गेटच्या परिसरातील पालिका शाळेतून त्या संस्थेपर्यंतचे अंतर काही किलोमीटरचेच आहे. परंतु पाचवीत केवळ दोन डोंगर काढलेल्या मुलासाठी ते अंतर फार मोठे असते.

काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक शाळेने आपल्या परिसरातील पाहण्याजोग्या दहा वस्तूंची यादी करावी. तीत कमान, विहीर, चाक, मडके, जाते, पाने, घरटी असे काहीही असावे. दुसरे असे की, मूल्यमापनात चित्राच्या सुबकपणाला गुण न देता पहिल्या आणि दुसऱ्या चित्रातील फरकाला द्यावेत, म्हणजे नकलेचा लाभच उरत नाही. तिसरे, शिक्षक-पदविकेच्या अभ्यासक्रमात रेखाटनाद्वारे विज्ञान शिकविण्याचा सराव असावा. चौथे, केंद्रपातळीवरील शिक्षण परिषदांत गवंडी, सुतार, सोनार, कुंभार यांना बोलवावे. कमानीचा लाकडी आधार केव्हा काढावयाचा, हे गवंड्याइतके नेमके कोणी सांगणार नाही. पाचवे, ठिपक्यांची रांगोळी मुलींची आणि सुतारकाम मुलांचे, ही विभागणी मोडावी. रांगोळीतील ठिपके सममितीचा उत्तम पाठ आहेत आणि तो सर्वांसाठी आहे.

समारोप

राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१(क) मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली आहेत. संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे जतन करणे हे त्यांपैकी एक आणि वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधकवृत्ती जोपासणे हे दुसरे. परीक्षार्थी ही कर्तव्ये स्वतंत्र कलमे म्हणून पाठ करतात. कमानिया गेटसमोर वही घेऊन बसलेल्या मुलाच्या हातून मात्र ती एकाच वेळी पार पडतात. ज्या वास्तूखालून ते रोज जाते, ती कशाचे स्मारक आहे हे त्याला कळते आणि ती कशामुळे उभी आहे हेही कळते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. एक पुठ्ठा, एक साखळी आणि मुलाला दुसऱ्यांदा पाहावयास सांगणारा शिक्षक एवढे पुरेसे आहे. अशा शिक्षकाला वेळ आणि प्रशिक्षण मिळवून देणे, हे शिक्षणव्यवस्थेचे काम आहे.